जावईबापूंची घरघंटी

“दीड तास झाला, अजून यांचं गुड मॉर्निंगच संपंना,” अनिसा माझ्या कानाशी पुटपुटली. “और चाय का तो कोई नामच नहीं लेरा.”

“चहा तुलाच करायचाय,” मी म्हणाले.

“म्हणून तर म्हणते ना ताई. उठू द्या की मला.”

उठता येत नव्हतं. दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं, चार खुर्च्या ओळीनं मांडलेल्या आणि समोरच्या भिंतीवर पांढरी चादर ताणून तिच्यावर लॅपटॉपला जोडलेल्या प्रोजेक्टरचा उजेड पाडलेला. पहिल्या खुर्चीवर आमचे मालक मोतीराम शेठ. दुसरीवर त्यांचे जावई गोकुळराव. तिसरीवर मी, चौथीवर अनिसा. एप्रिलचा रविवार, पंखा फिरतोय पण वारा शेठच्या डोक्यावरच संपतोय, आणि चादरीसमोर उभे राहून बुद्धभूषण सर आम्हाला विकायला शिकवतायत.

औरंगपुऱ्यातलं आमचं दुकान घरघंट्यांचं. घरात ठेवायची दळणाची चक्की. वरून दाणे टाका, खालच्या डब्यात पीठ घ्या. सोळा वर्षं झाली, मी हेच विकतेय. माझी शाळा सातवीपर्यंत. पुढचं सगळं शिक्षण पावतीपुस्तकावर आणि लोकांच्या ओट्यासमोर झालं. आता पन्नासाव्या वर्षी मला कुणी चादरीवर अक्षरं दाखवून शिकवणार म्हटल्यावर मी रागवायच्या तयारीनंच आले होते. घरून निघताना दोन-तीन खोचक वाक्यंसुद्धा पाठ केली होती.

पंचाईत अशी झाली, की माणूस बरोबर बोलत होता.

उस्मानपुऱ्याचाच पोरगा. तिशीचा असेल. टाय नाही, उगाच टाळ्या वाजवायला लावणं नाही. “विकणारा जास्त बोलला की घेणारा उठून जातो,” ते म्हणाले. “आधी विचारा. घरात माणसं किती, खातात काय, अडचण काय. मग गप्प बसून ऐका.” पुढच्या चित्रात होतं, किंमत सांगितल्यावर थांबा, आपणच घाबरून कमी करू नका. त्याच्या पुढच्या चित्रात, विकून झाल्यावर परत जा. प्रत्येकाला इंग्रजी नाव होतं, गोल होते, बाण होते. पण मला त्या चादरीवर याह्याभाई दिसत होते.

याह्याभाई छावणीचे. तरुणपणी सायकलच्या कॅरिअरला शिलाई मशीन बांधून गावोगाव विकलेला माणूस. शेठच्या वडिलांनी त्यांना या दुकानात आणलं, आणि मी लागले तेव्हा शेठनी मला त्यांच्या मागं लावून दिलं. तीन वर्षं मी त्यांची पिशवी धरून हिंडले. ते म्हणायचे, “बेटा, घर में गए तो पहले पानी माँग. ज्यानं पाणी दिलं तो आपल्याला पाहुणा समजतो, हाकलत नाही.” मग घरातल्या बाईला विचारायचं, दळण कुठं नेता, कोण नेतं, परत येताना काय बोलणी खाता. तिला बोलू द्यायचं. आणि दाणे तिचेच दळायचे, तिच्याच डब्यातले. “आपले दाणे नेऊन दळून दाखवले तर तो जादूचा खेळ झाला,” म्हणायचे. विकल्यावर आठव्या दिवशी हात हलवत जायचं, काही न्यायचं नाही, काही मागायचं नाही, नुसतं विचारायचं, कसं चाललंय. आणि काही वाईट ऐकायला मिळालं तर त्याच संध्याकाळी ते बनवणाऱ्याच्या कानावर घालायचं. उद्यावर टाकायचं नाही.

आता याह्याभाई नाहीत. पण त्यांचं सांगणं इतकी वर्षं पुरलं. गिरण्या कमी झाल्या, मोबाइल आले, बायका नोकऱ्या करायला लागल्या, त्यांचा एकही शब्द जुना झाला नाही. म्हणून तर चादरीवर तेच बघून माझा जीव जळत होता. सल्ला खोटा असता तर हसून सोडून दिला असता. सल्ला खरा होता, आणि गेल्या सहा महिन्यांत तो मी एकेक करून मोडला होता.

कारण सांगते. कारण समोरच बसलं होतं, निळा शर्ट घालून, वहीत सरांचं प्रत्येक वाक्य उतरवून घेत.

दोन वर्षांपूर्वी शेठच्या सायलीचं लग्न गोकुळरावांशी झालं. पोरगा गुणी. इंजिनिअर, वाळूजला भाड्याची शेड घेतलेली, काहीतरी स्वतःचं करायचं म्हणून धडपडणारा. त्यांनी घरघंटी बनवली. शेठनी ज्या कंपनीची मशीनं आम्ही वर्षानुवर्षं विकली ती दिवाळीला बंद केली आणि जावयाचं मशीन आणलं. मशीनचं नाव ठेवलं ‘सायली’. दिसायला देखणी, उंचीला कमी, ओट्याखाली नीट बसते. ओट्याखाली बसावी म्हणून गोकुळरावांनी आतली दळायची जागा लहान केली, आणि सगळी गडबड तिथंच झाली. गव्हाला काही होत नाही. ज्वारी मात्र आत तापते. पीठ हाताला चटका बसेल असं निघतं, त्यातला चिकटपणा जातो, आणि भाकरी थापायला घेतली की कडेनं फाटते.

आता आपल्याकडं ज्वारी दळत नाही असं घर कुठलं आहे? पोळी पाहुण्यांना, भाकरी रोजची. ज्या मशीनच्या पिठाची भाकरी होत नाही ते मशीन मराठवाड्यात विकायचं म्हणजे काय, ते तुम्हीच बघा.

पहिलं मशीन विकल्यावर आठव्या दिवशी मी रीतीप्रमाणं गेले. बाईनं ताटात तुकडे आणून ठेवले. भाकरी नव्हती ती, तुकडे होते. त्याच संध्याकाळी मी शेठपुढं उभी राहिले. शेठनी ऐकून घेतलं. मग दुकानाचं दार लोटून म्हणाले, “सारजाबाई, माझ्यापाशी बोललात ते बोललात. जावईबापूंच्या कानावर जायला नको.”

“पण शेठ, बनवतात ते. त्यांना नाही सांगायचं तर कुणाला?”

“अहो, जावई आहेत!”

जावई घरी आला की त्याला पाट, त्याला पहिलं ताट, त्याच्या विनोदाला सगळ्यांनी हसायचं. शर्टाला डाग पडलेला असला तरी सासरचं कुणी दाखवत नाही. अशा माणसाला, तुमचं मशीन ज्वारी जाळतं, असं सासऱ्यानं सांगायचं? उद्या तो चिडला, रुसला, पोरीला दोन शब्द बोलला तर? शेठची भीती मला कळत नव्हती असं नाही. मीही एक मुलगी नांदायला दिलीय. पण त्या दिवसापासून दुकानात सगळ्यांनी तोंडं शिवून घेतली. गोकुळराव शेड सोडून महिन्या-दोन महिन्यांनी दुकानात यायचे, विचारायचे, “काय म्हणतात लोक?” आणि आम्ही म्हणायचो, खूश आहेत. शेठच्या घरी जेवायला जायचे तर समोर श्रीखंड-पुरी. जावयाला भाकरी कोण वाढतं? सायली स्वतःच्या घरी भाकरीचं पीठ कुठून आणते, ते मी कधी विचारलं नाही. अनिसानं तिला एकदा गिरणीपुढं डबा घेऊन उभी पाहिलं होतं. आम्ही त्यावरही काही बोललो नाही.

आणि मी? मी माझ्या पिशवीत गव्हाचा डबा ठेवायला लागले. आपलाच गहू, आपणच दळायचा. बाई म्हणाली ज्वारी दळून दाखवा, तर म्हणायचं, तिची जाळी वेगळी असते, ती मागाहून येणार आहे. आठव्या दिवशी जाणं बंद केलं. एकदा गेले होते त्या गल्लीत, तर पदरानं तोंड झाकून पुढं गेले. उन्हाचं निमित्त होतंच.

अशानं विक्री होते का? नाहीच झाली. त्या रविवारी सकाळी शेठनी सांगून टाकलं होतं, महिनाअखेर वीस मशीनं गेली नाहीत तर काउंटर बंद. पुढची विक्री फोनवरून, इंटरनेटवरून. म्हणजे अनिसा आणि मी घरी. अर्धा महिना सरला होता आणि गेली होती चार. अनिसाच्या घरी तिच्या एकटीच्या पगारावर पाच माणसं. माझ्या घरी माणसं दोनच, पण या वयात मला नवं काम देणारं कुणी आहे असं मला तरी वाटत नाही.

वीस मशीनं कशी जातील हे शेठला माहीत होतं, मलाही माहीत होतं. माझी एक वही आहे. सोळा वर्षांत ज्या ज्या बाईला मी घरघंटी दिली तिचं नाव, घरात माणसं किती, भाकरी जास्त की पोळी, सून कशी आहे, गुडघे दुखतात का. चारशेच्या वर नावं. या बायकांना मी नुसता फोन केला, लेकीला घ्या, सुनेला घ्या म्हटलं, तर मशीन न बघता हो म्हणतील. शेठ रोज वही मागतात आणि मी रोज ती घरी विसरते.

“आता आपण मोकळेपणानं बोलू,” बुद्धभूषण सर म्हणाले. “विक्री का पडली? प्रत्येकानं एक कारण सांगा. मी लिहितो.”

शेठ खाकरले. “लोक आता बाहेरच खातात हो सर. घरी दळतंय कोण?”

सरांनी लिहिलं. गोकुळराव म्हणाले, “मला वाटतं जाहिरात कमी पडते. चूक माझी आहे, मी व्हिडिओ वगैरे करायला पाहिजे.” तेही लिहिलं.

“अनिसा मॅडम?”

“उन्हाळा है ना सर. लाइट बिलाची लोकांना भीती वाटते.”

“सारजा मॅडम?”

मी म्हणाले, “लोकांकडं जागा नाही.”

“मावशी, जागेसाठीच तर लहान केलीय!” गोकुळराव कळकळीनं म्हणाले.

“हो ना. मग सवय नसेल इतक्या लहानाची.”

अनिसाला ठसका लागला. सरांनी माझ्याकडं पाहिलं, पेन खाली ठेवलं. “बरं. तक्रारी काय आहेत?”

आम्ही तिघंही पंख्याकडं पाहू लागलो.

“तक्रार नाही,” शेठ म्हणाले.

“दिवाळीपासून मशीनं किती गेली?”

“चाळीसेक.”

“चाळीस मशीनं आणि एक तक्रार नाही?”

“एकही नाही सर,” गोकुळराव म्हणाले. केवढा आनंद होता त्या तोंडावर. मला त्याचा राग यावा अशी माझी फार इच्छा होती. येत नव्हता. त्याला खरंच माहीत नव्हतं. चाळीस घरांत भाकऱ्या फाटत होत्या आणि ज्याला ते दुरुस्त करता आलं असतं, तेवढ्याच एका माणसाला आम्ही सगळ्यांनी मिळून आनंदात ठेवलं होतं.

“दळून दाखवता तेव्हा धान्य कुठलं घेता?” सरांनी मला विचारलं.

“गहू.”

“ग्राहकाचा?”

“आमचा.”

“का?”

“सोपं पडतं.”

सर माझ्याकडं जरा जास्त वेळ बघत राहिले. मला पदर नीट करायची आठवण झाली. पोरगा हुशार होता, त्याला वास लागला होता. पण त्याला पैसे शेठनी दिले होते आणि तोही जपून पावलं टाकत होता. आमच्या दुकानाची हवाच तशी झालीय, येईल तो दोन दिवसांत हळू बोलायला लागतो.

तेवढ्यात काउंटरवरचा फोन वाजला. मी उठायच्या आत शेठनी उचलला.

“कोण? दगडाबाई? बोला आजी! … सारजाबाई फोन घेत नाहीत? अहो असं कसं! … माल आला नाही? कोण म्हणालं?” शेठनी माझ्याकडं पाहिलं. “माल भरपूर आहे. आत्ता या, रिक्षानं या. जावईबापू स्वतः आहेत दुकानात.”

फोन ठेवून शेठ सरांना म्हणाले, “घ्या. तुम्हाला खरं गिऱ्हाईक पाहिजे होतं ना समोर? येतंय. आमच्या सारजाबाईंची फार जुनी बाई आहे.”

दगडाबाई माझ्या वहीत पहिल्या पानावर आहे. छावणीत राहते. याह्याभाईंच्या हाताखाली मी विकलेलं पहिलं मशीन तिचं. तिनं पाणी दिलं होतं, आणि पाण्याबरोबर गूळ. तेव्हापासून दर संक्रांतीला तिचा तिळाचा डबा येतो. नातवानं उस्मानपुऱ्यात फ्लॅट घेतलाय, नातसून मोनिकाला घरघंटी द्यायचीय, म्हणून पंधरा दिवस ती फोन करत होती आणि पंधरा दिवस मी माल यायचाय म्हणत होते. तिला मी ‘सायली’ देणार नव्हते. बाकी जे काय मोडलं ते मोडलं, एवढं एक पान मी स्वच्छ ठेवणार होते.

अर्ध्या तासानं ती आली. शटरखालून वाकून आली, हातात स्टीलचा डबा. सत्तरी कधीच ओलांडलीय, पण पाठ सरळ.

“काय गं सारजे, फोन उचलीना झालीस! लई मोठी मॅडम झालीस का?”

“नाही आजी, जरा…”

“जरा काय जरा! माल न्हाई म्हणती आन् हितं दुकान भरलंय.” ती हसत होती. तिला माझ्यावर संशय घ्यायचं सुचलंच नव्हतं. “ह्ये बघ, मालदांडी जवारी आणलीय घरची. दळून दाव.”

“आजी, आपल्याकडं गहू आहे तयार…”

“गव्हाचं काय दावती? गहू तर कशात बी दळतोय. भाकर खायाची का नाय मोनिकानं?”

“बघा!” बुद्धभूषण सर उत्साहानं पुढं आले. “ग्राहकाचं स्वतःचं धान्य. यापेक्षा चांगली संधी नाही.”

शेठचा चेहरा उतरला. पण जावयासमोर ज्वारी नको असं म्हणायचं तरी कसं? मी मशीन लावलं. काय करणार होते? गोकुळरावांनी स्वतः दाणे वर ओतले. भर्रर्र आवाज झाला, थांबला. दगडाबाईनं डबा ओढून पिठात बोटं घातली आणि झटकन काढली.

“ताजं हाय, गरमच असणार,” ती स्वतःशीच म्हणाली. मग चिमूट घेऊन चोळली, वास घेतला. तिच्या भुवया जवळ आलेल्या मी पाहिल्या. “गॅस हाय का तुमच्यात? एक भाकर टाकून बघती.”

“आजी, इथं कुठं त्रास…” शेठ म्हणाले.

“टाका ना आजी!” गोकुळराव मोबाइल काढत म्हणाले. “मी व्हिडिओ काढतो. अशीच जाहिरात पाहिजे होती आपल्याला.”

अनिसानं माझ्याकडं पाहिलं. मी तिच्याकडं. मग ती शेजारच्या भांड्यांच्या दुकानातून परात आणि तवा मागून घेऊन आली, कारण जावईबापूंनी सांगितलं होतं. चहाच्या शेगडीवर पाणी उकळलं. दगडाबाईनं बांगड्या मागं सारल्या, खाली मांडी घातली, पीठ मळलं. तिच्या हातची भाकरी मी खाल्लीय. परातभर होते, काठ कुठं आणि मधलं कुठं कळत नाही.

ती थापायला लागली. पहिल्या चार थापांतच काठ फाटला. तिनं पाणी लावून सांधला. दुसरीकडून फाटला. तो सांधेपर्यंत मध्ये चीर गेली. उचलायला गेली तर अर्धी परातीतच राहिली.

“पाणी कमी उकळलं असेल,” शेठ म्हणाले.

“परात नवी आहे ना, घसरते,” अनिसा म्हणाली. मान खाली घालून म्हणाली.

“ज्वारी जुनी आहे का आजी?” शेठ परत.

“अवंदाची हाय,” दगडाबाई म्हणाली. “थांबा, दुसरी टाकती.”

पाणी पुन्हा उकळवलं. तिनं जास्त वेळ मळलं, अंगठ्याच्या खालच्या तळव्यानं रगडून रगडून. कपाळावर घाम आला. दुसरी तर पहिलीइतकीही झाली नाही. गोकुळरावांनी मोबाइल हळूच खाली घेतला. त्यांना काही उमगत नव्हतं, आणि ते एकेकाच्या तोंडाकडं बघत होते. सगळी तोंडं त्यांच्याकडं बघून हसल्यासारखी करत होती. माझंही.

आणि मग शेठ बोलले. वाईट माणूस नाही तो. घाबरलेला माणूस आहे. पण बोलले. “वय होतं हो आजी. हात काही पहिल्यासारखा राहत नाही.”

दगडाबाईनं दोन्ही हात वर केले, पीठ लागलेले, आणि उलटसुलट करून पाहिले. साठ वर्षं तरी भाकऱ्या थापल्या असतील त्या हातांनी. लेकरांच्या, सोयऱ्यांच्या, कामावरच्या माणसांच्या.

“व्हय बाबा,” ती म्हणाली. “हात गेला वाटतं माझा. घरी जुन्या मशीनच्या पिठाला जमतंय, पर नवं काय जमंना.” आणि ओशाळून हसली, पाच माणसांसमोर अंगणात पाय घसरून पडल्यासारखी. “बरं झालं हितंच कळलं. मोनिकाचा हात नवा हाय, तिला यील. बांधून द्या बाबा एक. सारजी देती म्हणल्यावर वाईट कशाला असंल.”

पाचवं मशीन गेलं. कुणी काही केलं नाही, कुणी खोटंही धड बोललं नाही, आणि ते गेलं. शेठनी सोडलेला श्वास मला ऐकू आला. अनिसानं परात उचलायला घेतली, तुकडे गोळा केले आणि कुठं ठेवायचे ते न कळून तशीच हातात धरून उभी राहिली. बुद्धभूषण सर चादरीशेजारी उभे होते. चादरीवर अजून त्यांचं शेवटचं चित्र होतं, एक हसरी बाई आणि खाली मोठ्या अक्षरांत विश्वास. त्यांनी लॅपटॉप मिटला.

“सारजाबाई, पावती करा,” शेठ म्हणाले. “आणि आजींकडून अजून दोन-चार नावं घ्या ओळखीची.”

मी पावतीपुस्तक उघडलं. पेन घेतलं. दगडाबाई एवढं लिहिलं. ती बेसिनपाशी हात धूत होती. धुवायचं थांबवून मध्येच बोटं मिटत-उघडत होती, जोर आहे का बघत होती. तिच्या घरी आज संध्याकाळी ती सुनेला सांगणार होती, आजपासून भाकरी तू टाक, माझा हात गेला. मग कधी परातीला हात लावणार नाही. मी ओळखते तिला.

अनिसाचे पाच जण आठवले. महिन्याचे उरलेले दिवस आठवले. सहा महिने मनात हे वाक्य मी किती तऱ्हेनं सजवलं होतं. थोडं कौतुक आधी, थोडं मागून, मध्ये हळूच. गिऱ्हाइकाला नको असलेली गोष्ट कशी गळी उतरवायची ते मला येतं, तसंच. आता त्यातलं काहीच सापडेना. मी पेन ठेवलं आणि शेठकडं न बघता गोकुळरावांसमोर जाऊन उभी राहिले. माझा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला.

“जावईबापू, आजींच्या हाताला काही झालेलं नाही. तुमचं मशीन ज्वारी जाळतंय. पहिल्या मशीनपासून जाळतंय, आणि इथं सगळ्यांना ते ठाऊक आहे, फक्त तुम्हाला नाही.”